हाड भरताना लावायचा पडदा: कोणता, कसा आणि किती दिवस टिकणारा

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, हे बहुतेकांना इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायला गेल्यावरच कळतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या ३ महिन्यांतच होऊन जाते. मग डॉक्टर सांगतात, "हाड कमी आहे, बोन पावडर टाकावी लागेल, वर मेम्ब्रेन लावू." पावडर कशाची, किती, महाग का, हे पेशंट खोदून खोदून विचारतात. मेम्ब्रेनची, म्हणजे पावडरीवर लावायच्या पडद्याची, मात्र बिलात एक ओळ येते आणि जाते. माझं रोजचं काम हिरड्या आणि इम्प्लांटचं. त्या अनुभवावरून सांगतो, पावडरीइतकेच प्रश्न या पडद्याबद्दलही विचारायला हवेत. म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा जाण्यापासून इम्प्लांट बसेपर्यंत काय काय होतं आणि कुठे काय विचारायचं, ते क्रमाने लिहितो.

पडदा लागतोच कशाला

हाड कमी पडलेल्या जागेवर दोघांचा डोळा असतो, हिरडीचा आणि हाडाचा. हिरडीच्या पेशी झपाट्याने वाढतात. जखमेचं तोंड त्या दोन-तीन आठवड्यांत मिटवतात आणि मोकळी जागा दिसली की आत उतरतात. हाडाच्या पेशींना तीच जागा भरायला महिने लागतात. त्यांना तसंच सोडलं तर खड्डा भरतो खरा, पण मऊ मांसाने, आणि त्यात इम्प्लांटचा स्क्रू धरत नाही.

जखमेत जी पेशी आधी पोचते तीच पुढे काय तयार होणार ते ठरवते, हा विचार मेल्चर यांनी १९७६ साली मांडला. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या दाताभोवती चक्क प्रयोगशाळेतला गाळणीचा कागद अडसर म्हणून लावून पाहिला. १९८८ मध्ये दालिन यांच्या गटाने उंदरांच्या जबड्यात टेफ्लॉनचा पडदा लावून दाखवलं की हिरडीला बाहेर थोपवलं की हाड आपलं आपण भरून येतं. टेफ्लॉन विरघळत नाही, त्यामुळे तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागायची आणि मध्येच उघडा पडला तर जंतुसंसर्ग ठरलेला. शरीरात आपोआप विरून जाणाऱ्या नैसर्गिक पडद्यांकडे डॉक्टर वळले ते या दोन कटकटींमुळे.

तेव्हा पडदा हाड बनवत नाही, तो हाडाला वेळ काढून देतो. विकणारे "नैसर्गिक", "ग्रोथ फॅक्टरयुक्त", "तुमच्याच रक्तातला" अशी विशेषणं लावतील, ती ऐकून घ्या आणि मग तीन गोष्टी विचारा: हा किती आठवडे टिकतो, खालची जागा दबू न देता धरून ठेवतो का, आणि उघडा पडला तर काय होतं?

पहिली पायरी: तयारीची तपासणी

साध्या एक्स-रेवर हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. त्यात बघायचं ते खड्ड्याच्या भिंती किती शाबूत आहेत. दात नुकताच काढलाय आणि चारही बाजूंना हाड आहे, तर काम सोपं. पावडर बसून राहते आणि साधा पडदाही पुरतो. गालाकडची भिंत गेली असेल तर अडसर भक्कम हवा. हाडाची नुसती पातळ धार उरली असेल, किंवा उंचीच वाढवायची असेल, तर कोणताही मऊ पडदा एकट्याने तो भार पेलणार नाही. तिथे बारीक पिना, छोटे स्क्रू किंवा टायटॅनियमची जाळी लागते, आणि हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

मग तुमची स्वतःची तपासणी. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ७ च्या आसपास असेल तर ठीक. ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ झाली म्हणून ॲलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड घेतलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन लोक "औषधांत" धरत नाहीत, पण जबड्याचं हाड उघडायच्या आधी आम्हाला तेच कळायला हवं असतं.

आणि तंबाखू. हा संवाद माझ्या खुर्चीत ठरलेला आहे. "काकू, तंबाखू खाता?" "छे छे, आमच्या घरात कुणी नाही." "मिश्री?" "ती होय? सकाळी जराशी लावते, दातांना बरी असते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती लागते थेट हिरडीवर, जिथे आपण टाके घालणार तिथेच. सिगारेट, गुटखा, मिश्री यांनी हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, जखमेच्या कडा सुटतात आणि पडदा उघडा पडतो. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर हाड भरेपर्यंत ती पूर्ण बंद ठेवणं जमणार नसेल तर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगतो. सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल तर आधी त्याचा इलाज.

दुसरी पायरी: पडदा निवडणं

सगळ्यात जास्त वापरला जातो तो कोलॅजेनचा पडदा. कोलॅजेन म्हणजे कातडी, स्नायुबंध आणि हाडांना बळकटी देणारं प्रथिन. ते बहुधा डुकराच्या किंवा गाई-बैलाच्या ऊतींपासून काढतात. माशांपासून केलेलंही मिळतं. हे पेशंटला न सांगता वापरणं मला पटत नाही. ज्याला जे चालत नाही ते शरीरात जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे आणि पर्याय असतोच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा: "कोणत्या प्राण्याचं?"

कोलॅजेनमध्येही दोन जाती. एक मूळ स्वरूपातलं, ज्याच्यावर रासायनिक प्रक्रिया फारशी नाही. याच्याशी हिरडी छान जुळवून घेते, पण शरीरातली विकरं (एन्झाइम्स) ते लवकर खातात. काही आठवड्यांपासून दोनेक महिन्यांपर्यंत त्याचा अडसर टिकतो. दुसरं म्हणजे धागे एकमेकांना रसायनाने बांधून टिकाऊ केलेलं, जे ४ ते ६ महिने टिकू शकतं. ऐकायला दुसरं चांगलं वाटतं. पण जितकी बांधणी घट्ट तितक्या रक्तवाहिन्या त्यातून सावकाश जातात, आणि वरची जखम उघडली तर हिरडी त्यावर सहज चढत नाही. लहान, भिंती शाबूत असलेल्या खड्ड्याला मी मूळ स्वरूपातलं घेतो, कधी दोन थर एकावर एक. मोठ्या कामाला टिकाऊ, पण हिरडी जाड आणि निरोगी असेल तरच.

दुसरा पर्याय गर्भवेष्टनाचा, म्हणजे बाळाभोवतीच्या पिशवीचं पातळ आवरण. सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने ते घेतात, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या करतात, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून चालू आहे आणि आपल्याकडे दंतवैद्यकात गर्भवेष्टनावर जे काम झालं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पडदा तिथूनच गेलेला असतो. हे आवरण दाह कमी करतं आणि ओल्या जागेवर आपोआप चिकटतं, टाक्याची गरज पडत नाही. पण ते इतकं पातळ असतं की खाली आधार नसेल तर सरळ आत बसतं. दाताच्या मुळाशी असलेल्या अरुंद खड्ड्यांना उत्तम. जबड्याची रुंदी वाढवायला एकटं पुरत नाही.

तिसरा पीआरएफ, तुमच्याच रक्तातल्या फायब्रिनचा, म्हणजे रक्ताची गाठ धरणाऱ्या धागेदार प्रथिनाचा. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण सध्या सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याच वाट्याला आले आहेत.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारं कायटोसॅन आणि रेशीमकिड्याच्या कोशातलं फायब्रॉइन यांच्या पडद्यांबद्दल वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. दोन्ही आशादायक आहेत. कायटोसॅन जंतूंना आवर घालतं आणि रक्त थांबवतं. त्याच्या पट्ट्या रक्तस्राव थांबवायला वापरल्याही जातात. रेशमाचं फायब्रॉइन ओलं असतानाही मजबूत राहतं, कोलॅजेनचं नेमकं तिथेच अडतं. पण हाडाच्या पडद्यापुरतं बोलायचं तर यांच्यामागचा माणसांवरचा अनुभव कोलॅजेनच्या तुलनेत थोडा आहे. कुणी आग्रह धरला तर कोणत्या मंजुरीखाली वापरताय, हे विचारायला संकोच नको.

जाता जाता: हातापायाच्या लांब हाडांचा तुकडाच गेला असेल तर तिथे बाजारातला पडदा सहसा वापरतच नाहीत. फ्रान्समधले अस्थिशल्यविशारद मास्कले यांनी १९८० च्या दशकात एक युक्ती काढली. मोकळ्या जागेत सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. ६ ते ८ आठवड्यांत शरीर त्याच्याभोवती स्वतःचा पडदा विणतं. मग तो पडदा अलगद चिरून ठोकळा काढायचा आणि पोकळीत रुग्णाच्याच हाडाचा चुरा भरायचा. हा पडदा जिवंत असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात, तो वाढीचे घटकही सोडतो. अपघातानंतर अशी दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया सुचवली गेली तर "सिमेंट आतच विसरले की काय" म्हणून घाबरू नका.

तिसरी पायरी: पीआरएफ करायचं ठरलं तर

ही पद्धत फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ च्या सुमारास आणली. खर्च कमी, परकी वस्तू नाही, आणि पेशंटच्या डोळ्यांसमोर होते, त्यामुळे विश्वास बसतो.

हातातून १० मिलिलिटरच्या नळ्यांत रक्त घेतात. नळीत रक्त न गोठण्याचं औषध नसतं, म्हणून वेळ हातात नसतो. रक्त घेतल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत नळ्या यंत्रात फिरल्या पाहिजेत, नाहीतर रक्त तिथेच गोठतं आणि थर सुटत नाहीत. आमच्याकडे एक जण रक्त घेतो आणि दुसरा यंत्राचं झाकण उघडून उभा असतो. नळ्या समोरासमोर, वजन बरोबर. नळी मी काचेची वापरतो.

मूळ पद्धतीत २७०० फेरे आणि १२ मिनिटं. पण "२७०० आरपीएम" हा आकडा यंत्राशिवाय अर्धवट आहे. नळीवर पडणारा जोर फिरण्याच्या त्रिज्येवरही ठरतो. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या यंत्रात २७०० फेऱ्यांना गुरुत्वाच्या साधारण ४०० पट जोर पडतो, १० सेंटिमीटरच्या यंत्रात तोच ८०० पटींच्या वर जातो. कोर्समध्ये ऐकलेला आकडा घरच्या यंत्रावर तसाच लावणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी हे मुद्दाम लिहितोय. आधी रोटरची त्रिज्या मोजा.

नळी बाहेर आली की तीन थर दिसतात: तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे फिकट पिवळी, थरथरणारी गाठ. ती चिमट्याने उचलायची, लाल भाग कात्रीने सोडवायचा, पण अगदी घासून नाही. लाल-पिवळ्याच्या सीमेवर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्यात दाट असतात, तो पट्टा ठेवायचा. मग गाठ छिद्रांच्या ताटलीवर ठेवून वर वजनाचं झाकण. काही मिनिटांत तिचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, ओढला तरी सहज न फाटणारा पडदा होतो. खाली गळालेलं पाणी टाकायचं नाही, त्यात बोन पावडर भिजवतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गाठ उशिरा किंवा ढिली धरते. तेही आधी माहीत असलेलं बरं.

आता गैरसमज. पीआरएफ साधारण एक-दोन आठवडे वाढीचे घटक सोडतो, हिरडी लवकर भरते, दुखणं कमी राहतं. हे सगळं खरं. पण दोनेक आठवड्यांत तो विरून जातो. ज्या अडसराची गरज महिनोन्‌महिने आहे तो दोन आठवड्यांत गेला तर हिरडीला दार उघडंच. म्हणून हाडाची भिंत गेलेली असताना "मेम्ब्रेनचे पैसे वाचवू, तुमचंच रक्त वापरू" हा सल्ला मला मान्य नाही. पीआरएफ कोलॅजेनच्या वर ठेवा, पावडरीत मिसळा, नुकत्याच काढलेल्या दाताच्या शाबूत खड्ड्यात एकटाही वापरा. कोलॅजेनच्या जागी मात्र नको.

चौथी पायरी: प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

जागेवरच भूल देऊन होते. पाकीट तुमच्यासमोर उघडलं जावं. कोलॅजेनचा पडदा एकदाच वापरायचा असतो. उरलेला तुकडा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालून पुढच्या पेशंटला, असं कधीच होता कामा नये; उष्णतेने कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि अडसर म्हणून त्याचा काही उपयोग उरत नाही. पाकिटावर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख असलेला स्टिकर असतो. एक फाइलला, एक तुमच्या कागदांना लावून घ्या. २०१८ पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी वेगळे नियम लागू आहेत, त्यामुळे नामांकित माल असेल तर हा तपशील पाकिटावर मिळायलाच हवा.

हिरडी उघडून खड्डा नीट खरवडतात. मग घट्ट हाडाला बारीक ड्रिलने काही छिद्रं पाडतात, म्हणजे आतून रक्त येतं आणि त्याबरोबर हाडाच्या पेशी. पेशंटला हा टप्पा उगाचच क्रूर वाटतो, पण कोरड्या हाडावर पावडर टाकून काही साधत नाही.

पडद्याचं माप आधी निर्जंतुक कागदावर किंवा फॉइलवर काढतात. तो खड्ड्याच्या कडांपलीकडे सगळीकडून २ ते ३ मिलिमीटर निरोगी हाडावर टेकला पाहिजे, पण शेजारच्या दाताला चिकटता कामा नये. कापायचा तो कोरडा असतानाच. एकदा ओला झाला की भिजलेल्या पापडासारखा जिथे टेकेल तिथे बसतो आणि हलवायला गेलं की सुरकुततो. दोन पदरी पडद्याची गुळगुळीत बाजू हिरडीकडे, खरबरीत बाजू हाडाकडे. उलट लावला तर हिरडीच्या पेशींना धरायला मिळतं, म्हणून बहुतेक कंपन्या वरच्या बाजूवर खूण करतात.

पावडर ठासून भरायची नाही, कणांमध्ये रक्ताला वाट हवी. वर पडदा, गरज असेल तिथे पिना. पडदा तसूभरही हलायला नको. पहिल्या आठवड्यांत खाली हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी तंतू तयार होतात.

सगळ्यात जास्त कौशल्य मात्र शेवटच्या टप्प्यात लागतं. आत भर घातल्यामुळे हिरडी आता पुरत नाही. ती जोर लावून ओढून शिवली तर दोन-चार दिवसांत टाके फाटणार. म्हणून हिरडीच्या आतल्या बाजूचं अस्थिआवरण हलक्या हाताने आडवं चिरून हिरडी सैल करतात, इतकी की तिची कड समोरच्या कडेवर न ओढता चढते. मग खोलवर आडवे मॅट्रेस टाके, ताण घ्यायला. आणि वर साधे बारीक टाके, कडा मिळवायला. गाल आतून थोडा ओढल्यासारखा वाटतो तो यामुळेच. पडदा उत्तम आणि शिवण ताणलेली, यापेक्षा पडदा साधा आणि शिवण सैल, हे मी कधीही पत्करेन.

पाचवी पायरी: घरी

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, थोडा थोडा वेळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते; तेव्हा काहीतरी बिघडलं म्हणून फोन येतात, पण चौथ्या दिवसापासून ती उतरायला हवी. जोरात गुळण्या, थुंकणं, स्ट्रॉने ओढणं पहिले काही दिवस बंद. पहिल्या दिवशी गार आणि मऊ खा: ताकभात, नाचणीचं आंबील. पुढे कोमट पेज, वरणभात, दुसऱ्या बाजूने चावून. चुरमुरे, शेव, तिळाची चटणी असलं बारीक टोचणारं काही टाके निघेपर्यंत नको. त्या जागेला ब्रश लावू नका, बाकी दात नेहमीसारखे घासा. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक औषध तोंडात धरून हळूच सोडून द्यायचं. ओठ वर करून आरशात जखम बघायचा मोह आवरा, टाके त्यानेही सुटतात.

काढता-घालता येणारी कवळी असेल तर ती त्या जागेवर दाबली जाता कामा नये. दिसण्यासाठी कुणाला लग्नकार्याला घालायची घाई असते; आधी डॉक्टरांकडून आतून घासून घ्या. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. वरच्या दाढांजवळ सायनसचं काम झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

सहावी पायरी: पडदा उघडा पडला तर

टाक्यांमधून पांढरट काहीतरी डोकावतंय असं दिसलं तर ते ओढू नका. मूळ स्वरूपातलं कोलॅजेन असेल तर लाळेतल्या विकरांनी तेवढा भाग विरतो, आणि जागा स्वच्छ ठेवली तर हिरडी बहुधा त्यावर पुन्हा चढते. डॉक्टर क्लोरहेक्सिडिनची जेल देतील, दर काही दिवसांनी बघतील. हाड थोडं कमी भरेल, पण सगळं वाया जात नाही. टिकाऊ कोलॅजेन किंवा टेफ्लॉन असेल तर जास्त सावध राहावं लागतं आणि कधी पडदा काढावाही लागतो. वाळूसारखे चार-दोन कण जिभेला लागणं चालतं. पू, ताप, उतरत आलेली सूज पुन्हा वाढणं, किंवा गोळ्यांना न जुमानणारं ठणकणं हे मात्र चालत नाही, त्याच दिवशी जा.

सातवी पायरी: थांबणं आणि पुन्हा उघडणं

शाबूत खड्डा असेल तर ४ महिने, रुंदी वाढवली असेल तर ६ किंवा त्याहून जास्त. "हिरडी तर केव्हाच भरली, मग कशाला थांबायचं?" हा प्रश्न दर वेळी येतो. वरची हिरडी आणि खालचं हाड यांची घड्याळं वेगळी आहेत. थांबल्यावर पुन्हा सीबीसीटी, आणि मगच इम्प्लांट.

उघडल्यावर पडद्याचा मागमूस सापडत नाही, तसाच तो जायला हवा होता. नवं हाड रक्ताळलेलं असतं, ड्रिलला प्रतिकार करतं. त्यात पावडरीचे काही कण जडलेले दिसतात, गाईच्या हाडाची पावडर असेल तर ते वर्षानुवर्षं राहतात आणि त्याने बिघडत काही नाही. वरचा एखादा मिलिमीटर मऊ निघाला तर तो खरवडतात. गालाकडची भिंत अजून पातळ वाटली तर इम्प्लांट बसवतानाच थोडी पावडर आणि छोटा पडदा पुन्हा लावतात. ही शक्यता आणि तिचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून मागा. आणि इम्प्लांट बसला त्या दिवशीच्या एक्स-रेची प्रत घेऊन ठेवा. दरवर्षीच्या तपासणीत हाडाची पातळी त्याच्याशीच ताडून बघायची असते.